बिनधुराची चूल

"आगोगो, नुसते उभे राहू नका ना. जरा खोकल्यासारखं करा," तियामिके म्हणाली, आणि पोरं ज्याला आगोगो, म्हणजे आजोबा, म्हणत त्या जायलोसीला खराच खोकला आला.

एकदा आला की तो लवकर जात नसे. जायलोसीने हातातला मथिको, म्हणजे वल्ह्याएवढा लाकडी कलथा, हंड्याच्या काठाला टेकवला, चुलाणापासून चार पावलं मागे सरला आणि गुडघ्यांवर हात ठेवून खोकत राहिला. तेवढ्यात पोरीने मोबाइलवर पाच-सहा फोटो काढून घेतले. खोकला थांबल्यावर ती जवळ आली, त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही अशा घोटाळ्यात क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "छान आलेत. म्हणजे... छान नाही, पण आलेत."

"झालं असेल तर बाजूला हो बाई," घेवडा निवडत बसलेली, त्याच्या हाताखाली काम करणारी फालेसी म्हणाली. "हंड्यातलं उडतंय. अंगावर आलं तर तुझाही फोटो काढायला लागेल."

"आमाई, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय."

"असेल, असेल. पण आमच्यासाठी म्हणून जे जे चालतं, त्याची भांडी शेवटी आम्हीच घासतो."

तियामिके हसली. तिला राग येत नसे, हा तिचा एक चांगला गुण होता. चिम्वालाच्या शिक्षक महाविद्यालयात ती दुसऱ्या वर्षाला होती आणि तिथल्या पर्यावरण मंडळाची अध्यक्ष होती. मंडळाने आल्या आल्या मुलामुलींना शपथा घ्यायला लावल्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरायच्या नाहीत, अंघोळीला एकच बादली पाणी, खोलीतून निघताना दिवा बंद, आठवड्याला एक झाड. शपथा सगळ्यांनी घेतल्या. पाळणारे किती, हे तियामिकेने कधी मोजलं नाही, म्हणून तिचा उत्साह टिकून होता. आता तिने भटारखान्याकडे मोर्चा वळवला होता.

दोन दिवसांनी जेवणघराच्या भिंतीवर ते चित्र लागलं. जायलोसी वाकलेला, मागे धूर, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'हा माणूस रोज तुमच्यासाठी धूर खातो.' जायलोसी त्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. आपण पाठीमागून इतके म्हातारे दिसतो हे त्याला माहीत नव्हतं.

एकतीस वर्षं तो या भटारखान्यात होता. चारशे ऐंशी पोरांचा न्सिमा दिवसातून दोनदा घाटायचा. पाणी उकळलं की मक्याचं पीठ सोडायचं, आणि ते घट्ट होत जाईल तसा सगळ्या अंगाचा भार मथिकोवर टाकायचा. पीठ एकदा आळायला लागलं की थांबता येत नाही, मग डोळ्यांतून पाणी येवो की नाकातून. तो लागला तेव्हा जळण समोरच्या डोंगरावरून यायचं. बायका डोक्यावर मोळ्या घेऊन हाका मारत उतरायच्या आणि त्या हाका चुलाणापाशी ऐकू यायच्या. मग मोळ्या दुसऱ्या डोंगरावरून येऊ लागल्या, मग बैलगाडीने, आणि आता दोन तासांच्या रस्त्यावरून लॉरी येई. समोरचा डोंगर केव्हाच बोडका झाला होता. कधी कधी संध्याकाळी त्याच्याकडे बघताना जायलोसीला वाटायचं, हा आपणच शिजवून वाढला.

छातीचं दुखणं गेल्या पावसाळ्यापासून वाढलं. दवाखान्यातल्या माणसाने नळी लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं आणि विचारलं, "बाबा, सिगारेट किती ओढता?"

"एकही नाही."

"मग काम काय करता?"

त्याने सांगितलं. त्या माणसाने मान हलवली आणि एक कागद लिहून दिला. या माणसाने धुराजवळ काम करू नये, केल्यास जिवाला धोका आहे, अशा अर्थाचं काहीतरी त्यात होतं. कागद खिशात घालून जायलोसी घरी आला. साठी पुरी व्हायला तीन वर्षं होती. ती पुरी झाली की पेन्शन. त्याआधी नोकरी सोडली तर क्वार्टर खाली करा आणि गावी जा, जिथे भावांनी जमीन कधीच वाटून घेतली होती. बायकोने, एनेलेसीने, कागद वाचला. वाचून त्याची घडी घातली आणि ती एवढंच म्हणाली, "तीन वर्षं श्वास कसा पुरवायचा?"

म्हणून तियामिकेच्या खटपटीमुळे बिनधुराच्या चुलीसाठी भटारखान्यामागे खड्डा खणायला माणसं आली, तेव्हा जायलोसी रोज त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन उभा राहू लागला. शहरातून एक इंजिनिअर आला होता. त्याने जमिनीखाली विटांचा घुमट बांधला, त्याला नळी जोडली आणि जायलोसीला समजावलं, की यात साली, खरकटं, पाला टाकायचा, पाणी घालून ढवळायचं. आत ते कुजतं, त्याचा गॅस होतो आणि नळीतून चुलीवर येतो. धूर म्हणून नाही. पटतंय ना?

जायलोसीला पटलं. मॅडम चिसाले या कॉलेजचा कारभार बघणाऱ्या बाई. त्यांच्याकडे जाऊन त्याने दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवला. मॅडमनी तो वाचला आणि चष्मा काढून त्या म्हणाल्या, "बाम्बो जायलोसी, हा कागद तुम्ही गेल्या वर्षी आणला असता तर मला तुम्हाला घरी पाठवावं लागलं असतं. आता गॅस येतोय. फाइलला लावून ठेवते. प्रश्न मिटला." त्या दिवशी तो बाजारातून सुकी मासळी घेऊन घरी गेला. एनेलेसीने मासळीत दोन टोमॅटो जास्त घातले.

घोळ झाला तो खरकट्याचा. खरकटं नव्हतंच. दोन वेळच्या न्सिम्यावर जगणारी विशीतली पोरं ताटात काय ठेवणार? घेवड्याचा दाणासुद्धा उरत नसे. साली म्हणाव्यात तर पीठ गिरणीतून येई. फालेसीने भोपळ्याच्या पानांचे देठ आणि टोमॅटोचे बुडखे आठवडाभर साठवले आणि खड्ड्यात टाकले. खड्ड्याने ढेकरसुद्धा दिली नाही. चुलीचं बटण फिरवलं की नुसता फुस्स आवाज येई.

इंजिनिअर पुन्हा आला. तो खड्ड्याभोवती हिंडला, मग कमरेवर हात ठेवून मुलांच्या वसतिगृहाकडे बघत उभा राहिला. दोन दिवसांत नळ जोडला गेला. वसतिगृहाचे संडास भटारखान्याच्या वरच्या अंगालाच होते, त्यामुळे पंपाचीही गरज पडली नाही. सुट्टी होती, बघायला कोणी नव्हतं. महिनाभराने चुलीवर निळी ज्योत उभी राहिली, सरळ, वीतभर उंच.

तियामिके ती ज्योत बघून टाळ्या वाजवायला लागली. मग एकदम दार लोटून घेऊन म्हणाली, "आगोगो, आमाई, एक ऐका. हे संडासाचं कोणाला बोलू नका. कोणी विचारलंच तर शेण म्हणा. गाईचं शेण."

"का गं?" जायलोसीने विचारलं. "त्यात काय आहे? ते खाली कुजतं, वर नुसता जाळ येतो. जाळाला कसली घाण?"

"मला माहितेय. तुम्हाला माहितेय. पण पोरं..."

"पोरांनी शपथ घेतलीय ना?" फालेसी म्हणाली.

"शपथ पिशव्यांची घेतलीय, आमाई."

जायलोसीने मान हलवली. म्हणजे हो की नाही, ते त्यालाही कळलं नाही. खोटं न बोलायला तो काही साधुसंत नव्हता. उशीर झाला की लॉरीवर ढकलायचा, पीठ कमी पडलं की उंदरांवर. पण हे अन्नाचं होतं. त्याच्या गावी पाहुण्यांपुढे मक्याची दारू ठेवली की, तिच्यात काही काळंबेरं नाही हे दाखवायला, करणाऱ्याने पहिला घोट सगळ्यांदेखत प्यायचा रिवाज होता. त्याची आई असाच पहिला घोट घ्यायची आणि मग भोपळ्याचा कटोरा पुढे करायची. भटारखान्यात आल्यापासून जायलोसीही रोज खिडकी उघडली की पोरांच्या देखत हंड्यातला पहिला घास खाई, आणि मग वाढायला घेई. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि एकतीस वर्षांत त्याने ते एकदाही चुकवलं नव्हतं.

पर्यावरण आणि आरोग्य सप्ताहाच्या शुक्रवारी गॅसवरचं पहिलं जेवण ठरलं. दारावर कागदी पताका लागल्या. मॅडम चिसाले रेशमी डोकेबंध बांधून आल्या, दोन शब्द बोलल्या आणि जेवायला न थांबता गेल्या. आत जायलोसी घाटत होता. न्सिमा जरा हळू होत होता, एवढंच. पण भिंती दिसत होत्या. समोरच्या भिंतीवर कोणीतरी खडूने काढलेली बाई होती, ती त्याने इतक्या वर्षांत पाहिलीच नव्हती. फालेसीचं तोंड दिसत होतं, आणि तिच्या कपाळावर एक जुना व्रण होता, तोही त्याने आजच बघितला.

"काय टक लावून बघताय?" फालेसी म्हणाली.

"हे कधी लागलं तुला?"

"लग्नाच्या वर्षी. एकोणीस वर्षं तुमच्या शेजारी बसतेय, बाम्बो. झिकोमो, आठवण केलीत त्याबद्दल."

तो हसला आणि खोकला आला नाही. हसल्यावर खोकला आला नाही हे लक्षात येऊन तो पुन्हा हसला. असा आनंद त्याला फार दिवसांत झाला नव्हता. मथिको फिरवता फिरवता तो मनात तीन वर्षांचे महिने करत होता आणि ते त्याला पहिल्यांदाच थोडे वाटले.

बारा वाजता त्याने खिडकी उघडली. रांग पार आंब्याच्या झाडापर्यंत गेली होती. त्याने पहिला घास घेतला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वाढप सुरू झालं. ओल्या पळीने गोळा उचलायचा, ताटात ठेवायचा, वर घेवडा. साठ-सत्तर जण घेऊन बाकांवर बसले. मग खिडकीशी वानांगवा आला. हा उत्तरेकडचा पोरगा, उंच, बोलका, नक्कल करण्यात पटाईत. त्याच्या घरी गाई होत्या आणि त्या तो सारख्या बोलून दाखवायचा.

"आगोगो, काय थाट आहे! धूर नाही, काही नाही. हा गॅस येतो कशाचा?"

जायलोसीच्या मागे तियामिके पाण्याची घागर घेऊन उभी होती. तीच घाईने म्हणाली, "शेणाचा. गाईच्या."

"गाईच्या?" वानांगवाने मान लांब करून मैदानाकडे बघितलं. "गाई कुठेत? दोन वर्षं झाली, मी इथे शेपूट पाहिलेलं नाही. एवढ्या लोकांचं शिजवायचं तर चाळीस गाई लागतील. मी गुराख्याच्या घरचा आहे बाई, मला नको सांगूस. चाळीस गाई काय रात्री येतात आणि करून जातात?"

रांगेत हशा पिकला. जायलोसीलाही हसू आलं. पोराने प्रश्न बरोबर विचारला होता. एकतीस वर्षांत त्याच्या चुलीबद्दल असं नीट कोणी विचारलंच नव्हतं. आणि त्याच्या हातात पळी होती, पळीवर गोळा होता. अन्न हातात धरून खोटं बोलणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. शिवाय त्याला त्या खड्ड्याचा अभिमान वाटत होता, हेही खरं.

"गाई नाहीत रे," तो म्हणाला. "तुम्हीच आहात. वरच्या संडासाचा नळ खाली घुमटात सोडलाय. तिथं ते कुजतं आणि..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. वानांगवाने पुढे केलेलं ताट हळूच मागे घेतलं. त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मागच्या मुलीने विचारलं, "काय म्हणाले?" आणि तिला कोणीतरी सांगितलं, आणि तिने तिच्या मागच्याला. रांगेतून ते आंब्यापर्यंत गेलं आणि तिथून बाकांवर आलं. बाकावरचा एक पोरगा तोंडावर हात दाबून बाहेर पळाला. बाकीच्यांनी ताटं सारली. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. ती सगळी चांगल्या घरची, उद्या मास्तर होणारी पोरं एकामागून एक उठली, आणि काही जण जाताना "झिकोमो, आगोगो" असे जायलोसीचे आभारही मानून गेले.

"अरे, जाळाला घाण नसते!" जायलोसी खिडकीतून ओरडला. "जाळ तो जाळ! ऐका तरी!"

पंधरा मिनिटांत जेवणघर रिकामं झालं. थोड्या वेळाने रस्त्याच्या बाजूने पोरं परत येताना दिसली. फाटकाबाहेर पत्र्याच्या तव्यांवर लाकडं पेटवून बटाट्याच्या फोडी तळणाऱ्या बायका बसत, त्यांच्याकडे झुंबड उडाली होती. प्रत्येकाच्या हातात फोडींची पातळ प्लॅस्टिकची पिशवी होती. फालेसी दारात उभी राहून बघत होती. तिच्या जिभेवर काहीतरी आलं असणार, पण जायलोसीकडे वळून बघितल्यावर तिने ते गिळलं.

"बसा," ती म्हणाली. "उभ्याने काय होणार आहे? आपलं जेवून घेऊ."

हंड्यांत चारशे माणसांचा न्सिमा गार होत होता. तिने दोन ताटं वाढली आणि बाकावर ठेवली. तेवढ्यात तियामिके आली. ती इतका वेळ कोठीत होती. डोळे सुजले होते. तिने घागर आणि पातेलं घेतलं, गुडघे टेकले आणि मोठ्यांच्या हातांवर घालतात तसं जायलोसीच्या हातांवर पाणी घातलं. मग फालेसीच्या. मग उठून आपले हात धुतले, एक ताट वाढून घेतलं आणि समोर बसली.

"मीपण तुमच्याबरोबर जेवते," ती म्हणाली. "सोमवारी मी सभा घेईन. सगळ्यांना समजावून सांगेन. इंजिनिअरला बोलवेन. आगोगो, चूक माझी आहे. आधीच सांगायला हवं होतं."

"चूक माझी आहे," जायलोसी म्हणाला. "तू शेण म्हणाली होतीस."

"नाही, खरं तेच..."

"जेव आधी."

तियामिकेने आपल्या ताटातल्या न्सिम्याचा तुकडा तोडला. बोटांनी वळून त्याची गोळी केली, अंगठ्याने खळगा केला, घेवड्याच्या रश्श्यात बुडवला. सगळं नीट, शिस्तीत केलं. हात तोंडापर्यंत नेला आणि तो तिथेच थांबला. ती त्या घासाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. जायलोसी खात होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, कारण बघितलं तर ती मुकाट्याने गिळेल हे त्याला माहीत होतं. फालेसीही ताटातच बघत राहिली.

घास ताटात परत गेला.

"माफ करा," तियामिके म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान पोरीसारखा झाला होता. "मला सगळं माहितेय हो. मीच तर... पण जात नाही."

"राहू दे," जायलोसी म्हणाला.

"मला फार लाज वाटते, आगोगो."

"लाज कसली. घशाखाली उतरत नाही तर नाही. जा, काहीतरी खाऊन घे बाहेर. उपाशी राहू नकोस."

ती गेली. जायलोसीने आपलं ताट पुसून संपवलं आणि नकळत तिच्या ताटातला तो वळलेला घास उचलून खाल्ला. त्याला त्या पोरीचा राग आला नाही. यायला हवा होता असं त्याला नंतर वाटलं. सगळ्यांत खरी तीच होती, आणि तिलाही जमलं नाही, मग बाकीच्यांचं काय बोलायचं? त्या क्षणी त्याला फक्त फार थकवा आला. एकतीस वर्षांचा सगळा थकवा त्याच बाकावर येऊन बसला आणि उठायचं नाव घेईना.

सभा झाली. इंजिनिअर आला, त्याने फळ्यावर घुमटाचं चित्र काढलं. पोरांनी शांतपणे ऐकलं, प्रश्न विचारले, टिपणंही घेतली. परीक्षेत प्रश्न आला असता तर सगळे पास झाले असते. जेवायला मात्र कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी वडिलांचा शहरातून फोन आला, आणि मॅडम चिसालेंनी जायलोसीला बोलावलं.

फाइल उघडीच होती. वर त्याचा कागद होता.

"उद्यापासून लाकडं," मॅडम म्हणाल्या. "लॉरी सांगितलीय. मी काय करू, बाम्बो? पोरं उपाशी ठेवू?"

"नाही, मॅडम."

"आणि हा." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हा फाइलला आहे तोवर मी तुम्हाला चुलाणापाशी उभं करू शकत नाही. उद्या काही झालं तर मला विचारतील. दुसरी जागा माझ्याकडे नाही. फाटकावर माणूस आहे, बागेत आहे. मला तुम्हाला आत्ताच मोकळं करावं लागेल." वाईट बाई नव्हती ती. "तीन वर्षं राहिलीत ना?"

"दोन वर्षं आणि दहा महिने."

खिडकीबाहेर पर्यावरण मंडळाची पोरं रोपं लावायला खड्डे खणत होती. त्यांचं हसणं आत येत होतं. जायलोसीने त्या कागदाकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"मॅडम," तो म्हणाला, "तो कागद मी तुम्हाला अजून दिलेला नाही."

मॅडमनी कागद फाइलीतून काढला, टेबलावरून त्याच्याकडे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. जायलोसीने तो घडी करून खिशात ठेवला. दारापाशी पोचल्यावर मागून आवाज आला, "तोंडावर काहीतरी बांधत जा." तो हो म्हणाला. एनेलेसीला त्याने त्या दिवशी काही सांगितलं नाही, पण संध्याकाळी लॉरी आल्याचा आवाज क्वार्टरपर्यंत आला. तिने अंगणातले कपडे काढता काढता क्षणभर हात थांबवला आणि मग पुन्हा काढू लागली.

लाकडं ओली होती. सकाळी चुलाण पेटवायलाच तास गेला. भिंतीवरची खडूची बाई नऊ वाजेपर्यंत दिसत होती, मग दिसेनाशी झाली. जायलोसी तोंडाला फडकं बांधून घाटत होता. दर थोड्या वेळाने तो मथिको फालेसीच्या हातात देई आणि कोपऱ्यात जाई. कोपऱ्यात गॅसची चूल होती, आणि ती पेटलेली होती. इंजिनिअरने बजावलं होतं, की संडास काही बंद होणार नाहीत, गॅस येतच राहणार, तो कोंडून ठेवला तर धोका आहे, म्हणून रोज सकाळी थोडा वेळ नुसता जाळून टाका. ती निळी ज्योत वर काहीच नसताना सरळ उभी जळत होती. कोपऱ्यात खिडकी होती, तिथे धूर कमी यायचा. जायलोसी तिच्याजवळ उभा राहून श्वास गोळा करी आणि परत येई.

"त्यावर काहीतरी ठेवा तरी," फालेसी डोळे पुसत म्हणाली. "रिकामी जळताना मला बघवत नाही."

जायलोसीने फळीवरचं सर्वांत लहान पातेलं काढलं. त्यात पाणी घेतलं, उकळलं तशी दोन मुठी पीठ सोडलं आणि साध्या पळीने घाटलं. एवढासा न्सिमा घाटायला काहीच जोर लागत नव्हता.

"दोघांचा करा," फालेसी म्हणाली. त्याने आणखी दोन मुठी सोडल्या.

बारा वाजता रांग आंब्यापर्यंत होती. सगळे आले होते. वानांगवा पुढेच होता आणि त्याच्यामागे चार माणसं सोडून तियामिके, मान खाली घालून. भिंतीवरचं चित्र कोणीतरी काढून ठेवलं होतं. चार कोपऱ्यांचे चिकटपट्टीचे तुकडे तेवढे राहिले होते.

"काय वास सुटलाय, आगोगो!" वानांगवा म्हणाला. "घरची आठवण आली."

जायलोसीने खिडकी पूर्ण उघडली आणि तोंडावरचं फडकं खाली ओढलं. पोरं रिवाजाप्रमाणे थांबली. त्याने मोठ्या हंड्याकडे हात नेला नाही. मागे ठेवलेलं गॅसवरचं लहान पातेलं पुढे घेतलं, त्यातला घास तोडला, सगळ्यांच्या देखत खाल्ला आणि सावकाश गिळला. तियामिकेने मान वर केली होती.

मग त्याने ते पातेलं झाकून बाजूला ठेवलं, पळी ओली केली, मोठ्या हंड्यातला पहिला गोळा उचलला आणि खोकला आवरत म्हणाला, "या. ताट पुढे करा."